आराव्ह म्हणजे हळू!

मँचेस्टरला सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर आलेल्या आयटीवाल्यांचे वीकेंड आधीच ठरलेले असतात. पहिला लंडन, दुसरा लेक डिस्ट्रिक्ट, तिसरा एडिंबरा, आणि चौथ्यापासून पैसे संपल्यामुळे घरी मॅगी! गेल्या नोव्हेंबरात माझा चौथा वीकेंड आला आणि मी वेल्सची ट्रेन पकडली. कारण अगदी साधं होतं. माझी मावसबहीण तिथे डॉक्टर आहे आणि फोनवर ती म्हणाली होती, ‘ये गं, पिठलं करते.’ साता समुद्रापार पिठल्यासाठी माणूस कुठेही जाईल.

ट्रेन चेस्टर सोडून समुद्राच्या कडेकडेने धावायला लागते. उजवीकडे पाणी, डावीकडे डोंगर. कॉन्वीच्या किल्ल्याच्या भिंतीला तर रूळ इतके चिकटून जातात, की खिडकीतून हात काढला तर दगड लागेल असं वाटतं. (काढू नका.) अनाउन्समेंट दोन भाषांत होत होत्या. आधी काहीतरी अगम्य, मग इंग्रजी. बँगरला उतरून बस घेतली तेव्हा बाहेर रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत एक शब्द रंगवलेला दिसला. रोमन अक्षरं जोडून मी वाचलं ‘आरफ’. पुढच्या वळणावर परत तेच. आपल्याकडे हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी आरव असतोच, म्हटलं इथे रस्त्यालाही तेच नाव ठेवलंय की काय! मग खाली इंग्रजीत लिहिलेलं ‘स्लो’ दिसलं. शेजारच्या आजी हसून म्हणाल्या, ‘आराव्ह. आमच्या भाषेत एका ‘एफ’चा उच्चार ‘व्ह’ होतो.’

बसमध्ये सगळे तीच भाषा बोलत होते. ड्रायव्हर, कॉलेजची पोरं, हेडफोन लावून फोनवर भांडणारी एक मुलगी, सगळे. खरं सांगते, पहिली पाच मिनिटं मला वाटलं की हे सगळे पोलंडहून आलेले असणार. ब्रिटनमध्ये इंग्रजी न बोलणारे म्हणजे बाहेरून आलेले, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं!

आणि गंमत अशी, की हाच घोटाळा दीड हजार वर्षांपूर्वी अँग्लो-सॅक्सन लोकांनीही केला. ‘वेल्श’ हा शब्दच मुळी त्यांचा. अर्थ काय, तर ‘परके’! बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनी मूळच्या रहिवाशांना परकं ठरवलं. ते स्वतःला म्हणवतात ‘कम्री’, म्हणजे आपल्याच देशातले, आपलेच लोक. देशाचा उच्चारही तोच, आणि भाषा ‘कम्राइग’. ही केल्टिक कुळातली भाषा. इंग्रजी या बेटावर यायच्या आधीपासून तिच्या पूर्वज बोली इथे नांदत होत्या. आयरिश आणि स्कॉटिश गेलिक तिच्या चुलत बहिणी, आणि फ्रान्समधली ब्रेतॉन सख्खी म्हणावी इतकी जवळची.

परक्यांसाठी बांधलेलं गाव

ताई राहते त्या गावाचं नाव काइर्नार्व्हन. बसमधून उतरलात की समोर किल्ला. अष्टकोनी बुरूज, दगडांचे रंगीत पट्टे, खाली मेनाई सामुद्रधुनी आणि पलीकडे आंग्लसी बेट. पहिला एडवर्ड या इंग्लिश राजाने वेल्स जिंकलं आणि १२८३ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. किल्ल्याला लागून तटबंदीचं गाव वसवलं, ते खास इंग्लंडहून आणलेल्या लोकांसाठी. तटाच्या आत राहण्याचे आणि व्यापाराचे हक्क त्यांचे, आसपासच्या वेल्श माणसांनी बाहेर राहायचं. थोडक्यात, सरकारी खर्चाने केलेलं मायग्रेशन.

आज त्याच तटाच्या आत दर दहा माणसांपैकी आठांहून जास्त लोक वेल्श बोलतात. देशातल्या सगळ्यात जास्त वेल्श बोलणाऱ्या गावांपैकी हे एक. एडवर्डने हे ऐकलं असतं तर कंत्राटदाराचे पैसे अडवले असते.

शनिवारी सकाळी मी एकटीच भटकले. दगडी गल्ल्या, एक छान वेल्श पुस्तकांचं दुकान, आणि ‘बारा ब्रिथ’ नावाचा मनुका घातलेला ब्रेड, लोणी लावून. दुकानांतल्या काही जणांच्या शर्टावर नारंगी बिल्ला दिसतो, बोलण्याच्या फुग्याच्या आकाराचा. याचा अर्थ, माझ्याशी वेल्शमध्ये बोला. मला हा प्रकार फार आवडला. आपण दोघं एकमेकांशी उगाच हिंदीत बोलत होतो आणि दोघंही मराठी निघालो, हा किस्सा आपल्यातल्या प्रत्येकाकडे असतो ना? त्यावरचा हा साधा उपाय.

उच्चार मात्र जीव काढतात. दोन ‘एल’ शेजारी आले की जीभ ‘ल’च्या जागी ठेवून बाजूने हवा सोडायची. कॅफेतल्या मुलीने मला चारदा करून दाखवलं आणि चारही वेळा मी फक्त थुंकले. मग मी तिला ‘ळ’ म्हणायला लावलं. फिटंफाट.

पिठलं आणि पोइन

ताई आणि जिजू बर्मिंगहॅम सोडून इथे आले त्याला आता दोन वर्षं झाली. ताई वृद्धांच्या वॉर्डमध्ये काम करते. पहिल्याच महिन्यात तिच्याकडे नव्वदीच्या एक आजी आल्या. डिमेन्शिया. आयुष्यभर त्यांना दोन्ही भाषा यायच्या, पण आजारात नंतर शिकलेली भाषा आधी पुसली जाऊ शकते आणि लहानपणची मागे राहते. आजींची इंग्रजी गेली होती. ताई विचारत होती कुठे दुखतंय, आणि आजी तिच्याकडे बघून रडत होत्या.

‘अगं, मला एमडीचं सगळं पाठ होतं आणि त्यांना विचारायचा एक शब्द येत नव्हता,’ ताई पिठलं घोटता घोटता म्हणाली. ‘शेवटी एका नर्सने सांगितलं, असं विचारा: डाख खी मेउन पोइन?’

दुखतंय का तुम्हाला? पोइन म्हणजे दुखणं. आजींनी ताईचा हात धरला आणि स्वतःच्या कमरेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी ताईने संध्याकाळच्या वेल्शच्या क्लासला नाव घातलं.

हे ऐकताना मी जरा गप्प झाले. मी बंगळुरूला चार वर्षं नोकरी केली आहे. चार वर्षांत मी कन्नडमध्ये एकच वाक्य शिकले, आणि ते म्हणजे ‘कन्नड गोत्तिल्ल’. कन्नड येत नाही, हे कन्नडमध्ये सांगण्यापुरतं! रिक्षावाला चिडला की आम्ही ऑफिसात त्याचे जोक करायचो. आणि हीच मी ठाण्याला आले की, दुकानदार मराठी बोलत नाही म्हणून तणतणते.

ताईचा लेक आठ वर्षांचा. या ग्विनेध भागात सरकारी प्राथमिक शाळा वेल्शमधूनच चालतात. मग बाहेरून आलेल्या पोराने करायचं काय? तर कौन्सिलने १९८० च्या दशकापासून खास भाषाकेंद्रं काढली आहेत. नवी मुलं आधी काही आठवडे तिथे जातात, गाणी, खेळ, नाटकं यांतून दिवसभर फक्त वेल्श ऐकतात, आणि मग आपापल्या वर्गात परततात. फी नाही. मूल मँचेस्टरहून आलेलं असो नाहीतर मनिलाहून, नियम तोच.

पुण्याहून ताईच्या सासूबाईंचा मात्र रोज फोन. ‘आधी मराठी तरी नीट येऊ दे त्याला! पाच लाख लोकांची भाषा शिकून काय करणार तो? त्यापेक्षा फ्रेंच तरी शिकवा.’ यावर जिजूंचं उत्तर तयार असतं, ‘आई, पाच लाख अडतीस हजार!’

आकडा बरोबर आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलता येणारे साधारण ५ लाख ३८ हजार निघाले, म्हणजे लोकसंख्येच्या १७.८ टक्के. २०११ मध्ये हे प्रमाण १९ टक्के होतं. सरकारचं लक्ष्य आहे २०५० पर्यंत दहा लाख. तिकडे आकडा वर न्यायचाय आणि तो चाललाय खाली, म्हणून टेन्शन.

दोष येणाऱ्यांचा?

मला वाटलं होतं, गोष्ट सोपी असणार. बाहेरचे आले, भाषा गेली. आपल्याकडच्या भाषणांत असते तशी. पण जिजूंना इतिहासाचं वेड आहे आणि रविवारी पहाटेपर्यंत त्यांनी मला झोपू दिलं नाही.

एकोणिसाव्या शतकात दक्षिण वेल्समध्ये कोळसा आणि लोखंड निघालं. खेड्यातला वेल्श शेतकरी पोटासाठी अमेरिकेला जायच्याऐवजी रोंडा खोऱ्यातल्या खाणीवर गेला. आयर्लंडमध्ये दुष्काळाने नेमकी आयरिश बोलणारी खेडी रिकामी केली. वेल्सची माणसं मात्र पुष्कळशी वेल्समध्येच राहिली. उद्योगांनी भाषा मारली असं आपण म्हणतो, इथे आधी तिला जगवली. इंग्लंडहून येणारे कामगारही सुरुवातीला थोडे होते. त्यांची पोरं गल्लीत खेळता खेळता वेल्श झाली. मग लोंढा वाढला. नवे लोक इतके आले की गल्लीचीच भाषा बदलली. १९११ मध्ये वेल्श बोलणारे ९ लाख ७७ हजार होते, आकडा म्हणून इतिहासातला सगळ्यात मोठा. आणि तरी प्रमाण घसरून ४३.५ टक्क्यांवर आलेलं!

पण फक्त लोंढाच नाही. १८४७ मध्ये लंडनहून आलेल्या तीन साहेबांनी शाळांचा अहवाल लिहिला. तीन जाड निळी पुस्तकं, त्यात भाषा मागास आणि माणसं अनीतिमान. ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ असं लोक त्याला अजून म्हणतात. काही शाळांत वेल्श बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. तो पुढे दुसऱ्या बोलणाऱ्याच्या गळ्यात जाई आणि दिवस संपताना ज्याच्याकडे असेल त्याला छडी. हे ऐकून मी म्हटलं, आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की पाच रुपये दंड होता. ताई म्हणाली, ‘माझ्याही.’ गळ्यात काही नव्हतं हे खरं, पण चुगली करायला मॉनिटर होताच. आणि आमचे आईबाबा फी भरून आम्हाला तिथे पाठवत होते.

१९६५ मध्ये तर कापेल केलिन नावाचं अख्खं वेल्श बोलणारं गाव पाण्याखाली गेलं. शाळा, चॅपल, पोस्ट, सगळं. पाणी कुणाला? इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्या विधेयकाला पाठिंबा दिला नव्हता, तरी ते मंजूर झालं. त्यानंतरची पिढी मग रस्त्यावर उतरली. इंग्रजी पाट्यांना काळं फासलं, तुरुंगात गेली. सरकारने वेल्श टीव्ही चॅनेलचं आश्वासन फिरवलं तेव्हा ग्विनव्होर एव्हन्स या नेत्याने १९८० मध्ये आमरण उपोषण जाहीर केलं. (गांधीजींची आठवण येते ना? त्याला तेच आदर्श वाटत.) मार्गारेट थॅचर बाई मागे हटल्याची उदाहरणं फार थोडी, त्यातलं हे एक. १९८२ च्या १ नोव्हेंबरला चॅनेल सुरू झालं आणि ताईचा लेक आज त्याच्यावर कार्टून बघतो.

दिवे नसलेल्या खिडक्या

रविवारी दुपारी जिजूंनी गाडी काढली. लीन नावाचं द्वीपकल्प आहे, समुद्रात हात लांब केल्यासारखं. तिथलं आबेरसोख हे गाव म्हणजे इंग्लंडमधल्या श्रीमंतांचं अलिबाग समजा. सुंदर किनारा, छोट्या बोटी, एकेक घर बघत राहावं असं. चार वाजताच अंधारायला लागलं. आणि मग लक्षात आलं, दिवेच लागत नाहीयेत. एका रस्त्यावर मी अकरा घरं मोजली, त्यात चार खिडक्यांत उजेड होता. बाकीची उन्हाळ्याची वाट बघत बंद.

या घरांच्या किमती इथल्या पगारात परवडत नाहीत. मग गावची तरुण जोडपी बाहेर जातात, पोरं कमी होतात. आबेरसोखची प्राथमिक शाळा २०२१ च्या डिसेंबरात बंद झाली, तेव्हा पटावर दहासुद्धा मुलं नव्हती. १९७९ पासून पुढची दहा-बारा वर्षं इथे अशी सुट्टीतली घरं रात्री पेटवली जायची, दोनशेहून जास्त पेटली. आता कौन्सिल कर लावते. २०२३ च्या एप्रिलपासून ग्विनेधमध्ये दुसऱ्या घरावर नेहमीच्या कौन्सिल टॅक्सच्या वर आणखी १५० टक्के, म्हणजे एकूण अडीचपट.

माझा गोंधळ इथे झाला. वेल्समधल्या दर पाच माणसांत साधारण एक इंग्लंडमध्ये जन्मलेला आहे, आणि त्याला कुणी इमिग्रंट म्हणत नाही. तो नुसता ‘शिफ्ट’ झालेला असतो. इमिग्रंट म्हणजे ताई, जी ‘पोइन’ शिकली. किंवा जोसेफ न्याग्बो. हा माणूस पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टहून जीव वाचवून कार्डिफला आला, वेल्श शिकला, आणि २०२३ मध्ये वेल्श भाषेसाठी लढणाऱ्या, १९६२ पासूनच्या संघटनेचा अध्यक्ष झाला! सरकारचे वेल्शचे मोफत वर्ग आता निर्वासितांसाठीही आहेत.

जिजूंनी त्या रात्री एक आयरिश शॉर्ट फिल्मही दाखवली, २००३ ची, ‘यू मिंग’ नावाच्या पोराची. चीनमधला हा पोरगा आयर्लंडची राष्ट्रभाषा म्हणून मन लावून आयरिश शिकतो आणि डब्लिनला उतरतो, तर जवळजवळ कुणालाच त्याचं बोलणं कळत नाही. फक्त तेरा मिनिटांची. हसून हसून पोट दुखतं, आणि मग जरा वेळाने हसू थांबतं.

लीनच्याच दुसऱ्या टोकाला नांत ग्वुर्थेर्न आहे. हे मात्र चुकवू नका. तीन बाजूंनी कडे, चौथ्या बाजूला समुद्र, आणि खाली उतरणारा रस्ता असा की आमच्या गाडीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. दगडखाणीच्या कामगारांची ही वस्ती. खाण बंद पडली, लोक गेले, छपरं कोसळली, मग काही काळ हिप्पी राहिले. १९७८ मध्ये एका ट्रस्टने हे भुताचं गाव विकत घेतलं आणि १९८२ पासून तिथे मोठ्यांना वेल्श शिकवायला सुरुवात झाली. दगडी घरांच्या त्या दोन ओळींत आता विद्यार्थी राहतात. यामागचा माणूस होता जवळच्या लानऐलहायर्न गावचा डॉक्टर, कार्ल क्लाउझ. जन्म मँचेस्टरचा! आई वेल्श, पण भाषा तो मोठेपणी शिकला. गावाची शाळा वाचवायला धडपडला, १९७४ मध्ये गावकऱ्यांची सहकारी संस्था काढली. २०२१ मध्ये तो गेला. म्हणजे भाषा वाचवणारा इथला सगळ्यात मोठा कार्यकर्ता बाहेरूनच आला होता, आणि आला तोही डॉक्टर म्हणून.

हे मी ताईला म्हटलं तर ती हसली नाही. तिचं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टमध्ये संपतंय. मँचेस्टरहून ऑफर आहे. तिथे महाराष्ट्र मंडळी आहेत, दिवाळी आहे, लेकाला मराठी बोलायला चार पोरं मिळतील. इथे त्याची मराठी फक्त घरात, आणि तीही वितळायला लागलीये. परवा तो सासूबाईंना फोनवर म्हणाला, ‘नाइन, मी ओके आहे.’ नाइन म्हणजे इथल्या वेल्शमध्ये आजी. सासूबाईंना वाटलं, नऊ वाजले म्हणतोय.

‘एकाची मराठी वाचवायची, की इथल्या वर्गातलं एक वेल्श पोर कमी करायचं?’ ताई म्हणाली. ‘आणि हे मी का ठरवायचं गं? वर्गातल्या इंग्लिश आयांना तर असला प्रश्न कधी पडत नाही.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या सीटवर तिचा लेक काचेच्या वाफेवर बोटाने काहीतरी लिहीत होता. मी वाकून पाहिलं. ‘आराव्ह’. रोमन अक्षरांत, शेवटी एक ‘एफ’. हा लेख लिहीपर्यंत ताईने कुठल्याच कागदावर सही केलेली नाही.

जायचं असेल तर

मँचेस्टरहून बँगरला ट्रेन, बहुतेकदा चेस्टरला बदलून. काइर्नार्व्हनला नेहमीची रेल्वे जात नाही, बँगरहून अर्ध्या तासाची बस आहे. लीन फिरायला गाडी हवीच. नांत ग्वुर्थेर्नला राहायची सोय आहे, पण आधी बुक करा. हिवाळ्यात गेलात तर गर्दी नसते, मात्र चारनंतर काही दिसत नाही आणि पाऊस आडवा येतो. सकाळी भेटलात की ‘बोरे दा’. बसमधून उतरताना ड्रायव्हरला ‘दिओल्ख’ म्हणायचं, म्हणजे थँक यू, आणि त्यातला ‘ख’ घशातून काढायचा. मागच्या सीटवरची टवाळ पोरंसुद्धा उतरताना म्हणतात.